आगाऊ विलाप

कॅथेड्रलचे गायनगुरू रमाक्ल मास्तर अजून जिवंत होते आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मर्तिकाचं जेवण चाललं होतं. त्याला दुसरं नाव देता येत नाही. मास्तरांचा जुना सोबती लीव्हेन दार ढकलून आत आला तेव्हा ओबेर टेबलाशी बसून शिजवलेला ईल मासा बोटांनी सोलत होता. ईस्टरआधीच्या उपासाचा काळ, मांस चालत नाही, म्हणून या गृहस्थाने बाजारातला सगळ्यात जाडा ईल आणवला होता. ताटलीच्या कडेला कातड्याचा ढीग, हनुवटीवर तेल, आणि अंगाला इटलीहून आणलेल्या कस्तुरीचा वास. त्या वासात जिन्यावरून उतरणारा दुसरा वास मिसळत होता. वरच्या खोलीत मास्तरांचे पाय सुजून फुटले होते, त्यातून पाणी झिरपायचं, आणि व्हिनेगर शिंपडून, जुनिपरच्या सुवासिक काटक्या जाळूनही तो वास काही जात नव्हता. ओबेर पावाने ताटली पुसत होता.

"या, या, लीव्हेनकाका! बसा. थोडा मासा घ्या."

काका! याच ओबेरने मास्तरांकडे शिकत असताना लीव्हेनच्या खर्जातल्या आवाजाला 'डबक्यातला बेडूक' म्हणून नाव ठेवलं होतं, आणि ते अख्ख्या कॅथेड्रलमध्ये पसरवलं होतं. आता तो इटलीतल्या एका ड्यूकच्या दरबारी गायकवृंद सांभाळत होता, बोटांत अंगठ्या होत्या, आणि बेडकाचा एकदम काका झाला होता.

चुलीपाशी योरिस उभा होता. राजाच्या चॅपलमधला, बारीक आवाजात वरची पट्टी गाणारा, गळ्याभोवती लोकरी पट्टा गुंडाळलेला. त्याने एक कच्चं अंडं फोडलं, मान मागे टाकली आणि ते घशात सोडलं. गिळताना गळा वर-खाली झाला.

"उपासात अंडं?" लीव्हेनने विचारलं.

"घशासाठी परवानगी काढलीय. लेखी."

"देवाला दाखवलीस का?"

"देवाला आवाज हवाय ना वरचा? मग!" योरिसने ओठ पुसले आणि दुसरं अंडं उचललं.

दोघेही बर्फ वितळायच्या दिवसांत चिखल तुडवत मैलोन्‌मैल आले होते. गावातले लोक कौतुकाने म्हणत होते, काय ही गुरुभक्ती. लीव्हेनलाही पहिला दिवसभर तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की दोघांनीही कॅथेड्रलचा कारभार बघणाऱ्या डीनसाहेबांना गाठून मास्तरांच्या जागेबद्दल हळूच विचारून घेतलं होतं. इथल्या गायकवृंदाची गादी म्हणजे लहान गोष्ट नव्हती. पण माणूस वर श्वास घेतोय, निदान तोवर तरी थांबा की!

गोडेलीव्ह पितळी भांडं घेऊन जिन्यावरून उतरली. ती मास्तरांची विधवा पुतणी, घर तीच चालवायची. भांड्यावर फडकं होतं, तरी योरिसने नाकाला पट्टा लावला.

"पाद्रीबाबा येऊन गेले," ती लीव्हेनला म्हणाली. "मरणाआधीचं शेवटचं तेल लावून झालं. काका सारखे दाराकडे बघताहेत. आता उशीर करू नका."

उशीर कशाला करायचा नव्हता हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी आयुष्यभर राजांसाठी, बिशपांसाठी, लग्नांसाठी, तहांसाठी संगीत रचलं. शेवटी एक स्वतःसाठी रचलं: चार गळ्यांचं एक प्रार्थनागीत, मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचं. त्यात त्यांनी आपलं नावही घातलं होतं, 'तुझ्या रमाक्लवर दया कर' असं. शेवटचं तेल लागलं की बिछान्याभोवती उभं राहून ते हळू आवाजात गायचं, एवढीच त्यांची मागणी होती. शरद ऋतूत, अजून पायांवर चालत होते तेव्हा, त्यांनी लीव्हेनला बजावलं होतं, "मेल्यावर गाऊ नका. मेल्यावर सगळेच गातात. मला ऐकू येतंय तोवर गा." आणि लीव्हेनने शब्द दिला होता की तो स्वतः सगळ्यांना गोळा करून आणेल.

"चला," तो म्हणाला.

"अहो, हात तर धुऊ द्या," ओबेर म्हणाला. "तुम्ही वर जाऊन या. आम्ही समोर शाळेच्या खोलीत जमतो, चौथा आवाज, वाउटर, तिथेच आहे. तिथून एकत्र येऊ. नीट, ओळीने."

लीव्हेन वर गेला.

मास्तर उशांवर रेलून बसवलेले होते. आडवं झालं की श्वास कोंडायचा. खालचं अर्धं शरीर फुगून पखालीसारखं झालं होतं आणि वरचं इतकं वाळलं होतं की ही दोन वेगळ्या माणसांची अंगं आहेत असं वाटावं. खिडकी सताड उघडी होती. समोर गल्लीपलीकडे गायनशाळेच्या खोलीची खिडकी दिसत होती, तीही ओल जावी म्हणून उघडीच.

"बंद करू का? थंडी आहे," लीव्हेन म्हणाला.

"नको. मलाच माझा वास सोसत नाही रे." मास्तरांनी दम घेतला. "आले का?"

"आले. हात धुताहेत."

"वरची पट्टी कोण? योरिस? म्हणजे अंडी खाऊन आला असेल."

"दोन."

मास्तर हसले, म्हणजे खोकले. मग त्यांनी लीव्हेनची बाही धरली. बोटं गार पडली होती. "तू खाली राहा. तुझा सूर खाली असला की मला पडायची भीती वाटत नाही. आयुष्यभर तुझ्याच आवाजावर उभा राहून बाकीचं रचलं मी. तुला सांगितलं नव्हतं. डोक्यात हवा गेली असती तुझ्या."

"अरे, गप. आत्ता घेऊन येतो सगळ्यांना."

"ये," मास्तर म्हणाले.

गल्ली ओलांडायला कितीसा वेळ लागतो! लीव्हेन शाळेच्या खोलीत शिरला आणि थबकला. तिथे डीनसाहेब बसले होते, खुर्चीत, पायांखाली निखाऱ्यांची शेगडी घेऊन. समोर घडवंचीवर कागद मांडले होते. ओबेर, योरिस आणि कॅथेड्रलचा वाउटर आपापल्या जागी उभे होते. वाउटर मधल्या पट्टीत गायचा आणि ज्याची सरशी होईल त्याच्या बाजूचा असायचा.

"हे काय?" लीव्हेनने विचारलं.

"एकदाच," ओबेर म्हणाला. "एकदा म्हणून टाकू, डीनसाहेबांना शब्द ऐकून घ्यायचेत. दफनाच्या वेळी काउंटसाहेबांचा माणूस येणार. त्याच्यासमोर फजिती नको."

लीव्हेनने कागदाकडे पाहिलं. सगळी सुरांची चिन्हं काळ्या शाईने भरून टाकलेली. लांब सूर, आखूड सूर, एकही नेहमीसारखा पोकळ ठेवलेला नाही. गायकांच्या जातीत हे पोरालाही कळतं. काळे भरलेले सूर म्हणजे सुतकाचे कपडे. गुरू गेला की शिष्याने विलाप रचायचा, वरच्या गळ्यांनी रडायचं, आणि खर्जाने खालून 'रेक्वियम'चे, मेलेल्याला चिरशांती मागणारे जुने सूर लांबवत राहायचे. रीत जुनी होती आणि चांगली होती. पण ती गुरू गेल्यावरची रीत होती.

"हे कधी लिहिलंस?"

"नोव्हेंबरात, ऑल सेंट्सच्या सणाच्या सुमाराला," ओबेर सरळ म्हणाला. त्याला लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "घाईघाईत केलेलं काम घाईचंच होतं, काका. मास्तरांनीच तर शिकवलं हे."

ऑल सेंट्सला मास्तर काठी टेकत बाजारात जाऊन स्वतः चीज निवडत होते. आणि आल्प्सच्या पलीकडे हा मनुष्य त्यांच्यासाठी शाई कालवत बसला होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लीव्हेनने पुष्कळ पाहिले होते, पण याने मढं होण्याचीही वाट पाहिली नव्हती. त्याच्या तोंडात कडू पाणी आलं. थुंकावंसं वाटलं. डीन बसले होते म्हणून त्याने ते गिळलं.

"आधी तिकडे चला," तो म्हणाला. "तो वाट बघतोय. तिकडचं झालं की हवा तेवढा विलाप करा."

"पण आधी माझं नाव कुठे येतं ते ठरू द्या," योरिस मध्येच म्हणाला. विलापात शोक करणाऱ्या शिष्यांची नावं गायची असतात, आणि ओबेरने ओळ केली होती: 'ओबेर, योरिस, वाउटर, काळे वेश घाला.' "मी राजाच्या पदरी आहे. ड्यूकचा माणूस राजाच्या माणसाच्या आधी?"

"रचना माझी आहे."

"गळा माझा आहे! वरची पट्टी काढून घेतली तर उरतं काय तुझ्या रचनेत? खाटकाच्या दुकानातली हाडं."

"पहिलं नाव असलं म्हणजे दुःख जास्त होतं का रे तुला?"

"तुला होतंय ना? मग मलाही होऊ दे!"

वाउटर म्हणाला की त्याचं नाव तिसरं असलं तरी त्याची हरकत नाही, आणि त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. डीनसाहेबांनी शेगडीवरचे पाय बदलले. हे सगळं बोलणं उघड्या खिडकीपाशी, दिवसाढवळ्या, जिवंत माणसाच्या घरासमोर चाललं होतं. लीव्हेनला त्या खोलीचीच शिसारी आली. तो वळला.

"मी जातो. मी एकटा गाईन त्याच्यापाशी. खर्ज तर खर्ज."

"एकटा खर्ज म्हणजे काय गाणं झालं?" ओबेर पुढे आला आणि त्याने लीव्हेनच्या खांद्यावर हात ठेवला. मासा आणि कस्तुरी. "काका, ऐका. तुमचं नाव कुठे आहे ते बघितलंत का?"

"माझं?"

"शेवटी. सगळ्यांची नावं एका ओळीत दाटीवाटीने आहेत. तुमचं एकटं. बाकी सगळं थांबतं आणि तिघे मिळून म्हणतात: 'आणि तू, लीव्हेन, ज्याच्या सुरावर तो उभा होता, तूही रड.'" त्याने बोटाने जागा दाखवली. "व्हेनिसला छापणारा तयार आहे. हे पॅरिसला जाईल, रोमला जाईल. आपण सगळे मातीत गेल्यावरही कुणीतरी हे नाव गाईल."

लीव्हेनने बोटाखालची जागा पाहिली. त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं. एक ओळ त्याने कधी रचली नव्हती. लोक चर्चमधून बाहेर पडताना मास्तरांचं नाव घेत, वरच्या पट्टीतल्या पोरांचं कौतुक करत. खर्ज कुणी ऐकत नाही, तो बंद पडला तरच कळतो. आणि इथे काळ्या शाईत, तीन गळ्यांना वाटून दिलेलं, त्याचं नाव होतं.

"एकदाच ना?" तो म्हणाला.

"एकदाच."

योरिसला पहिलं नाव मिळालं, कारण डीनसाहेबांना राजाची भीती ड्यूकपेक्षा जास्त होती. मग ते गायले.

लीव्हेनने खालचा 'रेक्वियम' लावला. हे सूर त्याने शेकडो प्रेतांवर म्हटले होते, त्यासाठी डोळे उघडायचीही गरज नव्हती. वरून तीन आवाज उतरत आले, अप्सरांनो रडा, रानांनो रडा असलं काहीतरी म्हणत. आणि किळसवाणी गोष्ट ही की ते सुंदर होतं. भिकार असतं तर बरं झालं असतं. तेलकट बोटांच्या, कस्तुरी माखलेल्या, गुरूच्या जिवावर उठलेल्या त्या माणसाला खरोखर येत होतं. मग सगळं थांबलं. फक्त खालचा एक लांब सूर उरला, लीव्हेनचा, आणि त्यावर तिघांनी त्याचं नाव घेतलं.

त्याला ते नीट ऐकू आलं नाही. स्वतःच्याच आवाजाखाली ते दबलं होतं.

गाणं संपलं. ओबेरने कागद गोळा करायला घेतले. म्हणजे निघायची वेळ झाली होती. ओबेरनेसुद्धा शब्द पाळला होता.

"थांब," लीव्हेन म्हणाला. "परत घेऊ. त्या जागेपासून नको, सुरुवातीपासून. मी तिथे सूर फार जोराने धरला. नाव बुडालं."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. योरिस गालात हसला. "घ्या परत," डीनसाहेब म्हणाले. "काउंटच्या माणसाला नावं कळायला हवीत."

त्यांनी परत घेतलं. या वेळी त्या जागी लीव्हेनने श्वास आवळला, सूर इतका बारीक केला की तो असल्या-नसल्यासारखा झाला, आणि त्याचं नाव त्यावर अलगद उभं राहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मास्तरांसाठी नव्हतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं, आणि तरीही ते आलं.

शेवटचा सूर विरत होता तेव्हा दार उघडलं. गोडेलीव्ह होती. हात ओलेच होते.

"गेले," ती म्हणाली.

डीनसाहेबांनी क्रूसाची खूण केली. वाउटरनेही केली.

"खिडकी उघडी होती," गोडेलीव्ह फक्त लीव्हेनकडे बघत म्हणाली. "तुमचं सगळं ऐकू येत होतं. मला म्हणाले, 'गोडेलीव्ह, मी गेलो का गं?' मी म्हटलं, नाही हो काका, मी हात धरलाय ना तुमचा. म्हणाले, 'मग हे रेक्वियम कुणाचं?' मी काय सांगणार? मी म्हटलं, शाळेतली पोरं शिकताहेत." तिने हात कमरेच्या फडक्याला पुसले. "ते म्हणाले, 'नाही. तो लीव्हेन आहे.' मग तुम्ही थांबलात. त्यांनी दाराकडे बघितलं. मी पण बघितलं. मला वाटलं आता जिन्यावर पावलं वाजतील. तर तुम्ही पुन्हा सुरुवातीपासून लावलंत. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं."

लीव्हेनने समोरच्या उघड्या खिडकीकडे बघितलं.

"म्हणजे त्यांनी ऐकलं?" ओबेर पुढे झाला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. "पूर्ण ऐकलं? काही म्हणाले? आवडलं का त्यांना?"

गोडेलीव्हने त्याच्याकडे असं बघितलं जसं ती रोज सकाळी त्या पितळी भांड्यात बघत असे, आणि निघून गेली. लीव्हेनला ओबेरचा गळा धरायचा होता. धरला असता तर थोडं बरं वाटलं असतं. पण कुठल्या तोंडाने धरणार? ओबेर कागद गोळा करत होता तेव्हा त्याला थांबवलं कुणी?

त्या संध्याकाळी त्यांनी मास्तरांचं प्रार्थनागीत मास्तरांच्या प्रेताभोवती गायलं. तोंड वळवून सरळ केलेलं होतं, हनुवटी फडक्याने बांधली होती. योरिस नाकाने श्वास घेत नव्हता, तरी वरची पट्टी अप्रतिम लागली. 'तुझ्या रमाक्लवर दया कर, तो मरणाच्या दारात उभा आहे.' उभा कुठे होता? लीव्हेनचा खर्ज एकदाही हलला नाही. इतकं निर्लज्ज गळ्याने गाता येतं हे त्याला माहीत नव्हतं. घरी जाऊन तो अंगणात ओकला.

दफनाला कॅथेड्रल भरलं होतं. काउंटचा माणूस पुढच्या बाकावर होता. लीव्हेनने मनाशी पक्कं ठरवलं होतं. त्या जागी तो पूर्ण ताकदीने सूर धरणार होता, बेडूक म्हणा की बैल म्हणा, आणि ते नाव असं बुडवणार होता की काउंटच्या माणसालाच काय, गाणाऱ्या तिघांनाही ऐकू येऊ नये. मास्तरांचं एवढं तरी देणं तो देणार होता. विलाप सुरू झाला. अप्सरा रडल्या, रानं रडली, योरिस, ओबेर आणि वाउटर यांचे काळे वेश घालून झाले. ती जागा आली. लीव्हेनने छाती भरून श्वास घेतला.

आणि गळ्याने आपणहून सूर बारीक केला.

नाव स्पष्ट उमटलं. दगडी कमानींखालून ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं, जिथे बायकांमध्ये गोडेलीव्ह बसली होती. तिने मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं, आणि गाणं संपेपर्यंत ती बघत राहिली.